साडेअकरा पौंडांचा हिशेब

आपल्या होस्टेलवर वर्षातून दोन सीझन असतात. एक सबमिशनचा आणि दुसरा स्कॉलरशिपच्या फॉर्मचा. सबमिशनच्या सीझनमध्ये सगळे एकमेकांच्या रूमवर पडीक असतात, फाईल्स फिरतात, चहा फिरतो. स्कॉलरशिपच्या सीझनमध्ये मात्र जरा वेगळं वातावरण असतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, गॅप सर्टिफिकेट, ॲलॉटमेंट लेटर, आधारला जोडलेलं बँक खातं... आणि हे सगळं घेऊन खिडकीपुढे उभी राहिलेली लाईन. या लाईनीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. फी भरायच्या लाईनीत मस्करी चालते, पण या लाईनीत सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून उभे असतात.

गेल्या वर्षी माझा रूममेट या लाईनीतून परत आला. फॉर्म भरलाच नाही. कारण विचारलं तर आधी म्हणाला की कागद अपुरे आहेत. रात्री लाईट घालवल्यावर खरं कारण सांगितलं. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात. गावात त्यांनी आजवर कुणाकडे हात पसरला नाही. आणि इथे आपण चार लोकांसमोर आपल्या गरिबीचा कागद दाखवायचा, हे त्याला पटत नव्हतं. त्यापेक्षा एक वर्ष ड्रॉप घेऊन कुठेतरी काम करतो, पैसे जमवतो आणि मग येतो, असं त्याचं म्हणणं. ड्रॉप घेऊन गेलेले किती जण परत येतात, ते आपण सगळेच जाणतो.

मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. पण त्याच आठवड्यात लायब्ररीतून बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र आणलं होतं. डॉ. आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते, चवदार तळं आठवतं, धर्मांतर आठवतं. मी या वेळी ते चरित्र एकाच प्रश्नासाठी वाचलं. हा माणूस शिकला, त्याचे पैसे कुणी दिले? कोणत्या अटीवर दिले? आणि त्याचं पुढे काय झालं? मित्रांनो, आपल्या लाईनीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब एकदा वाचावा, म्हणून इथे मांडतोय.

परळची एक खोली

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू इथला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. भीमराव हे चौदावं अपत्य. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. आई भीमाबाई साताऱ्यातच गेल्या, तेव्हा भीम पाच-सहा वर्षांचा होता.

पुढे कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच सगळ्यांचं झोपणं. वडील रात्री दोनपर्यंत स्वतः जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर आडवे होत. ज्यांनी होस्टेलवर थ्री-सीटरमध्ये चौघं काढलेत त्यांना याची थोडी कल्पना येईल.

भीमला पुस्तकांचं वेड. पुस्तक हवं म्हटलं की रामजी पेन्शनच्या तारखेची वाट बघत बसत नसत. लग्न झालेल्या मुलीकडे जात, थोडे पैसे उसने घेत. तिच्याकडे नसले तर दुसऱ्या मुलीकडून एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत. म्हणजे बाबासाहेबांना मिळालेली पहिली 'फायनान्शियल एड' ही बहिणींच्या अंगावरच्या दागिन्यांची होती. तिचा फॉर्म नव्हता, तिला लास्ट डेट नव्हती. पण मदत ती मदतच.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही इतकी मोठी गोष्ट होती की त्याबद्दल सभा भरवून सत्कार झाला. त्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. हे केळुसकर गुरुजी म्हणजे शिक्षक आणि लेखक. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं.

पहिले पंचवीस रुपये

एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश तर झाला, पण पुढचा खर्च वडिलांना झेपेना. इथे केळुसकर गुरुजी परत पुढे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड अस्पृश्य समाजातल्या होतकरू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मदत करायला तयार होते. केळुसकर भीमरावांना घेऊन महाराजांना भेटले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं पटली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रोफेसर म्युलर यांनी पुस्तकं दिली, कपडे दिले.

इथे मला एक गोष्ट जाणवली. महाराजांकडे पैसा होता आणि मुलाकडे बुद्धी होती. पण दोघांच्या मध्ये एक माणूस लागला, ज्याला योजना माहीत होती आणि मुलगाही माहीत होता. आपल्याकडे आज योजना ढिगानं आहेत. पण त्या कळवणारा केळुसकर प्रत्येक विंगमध्ये असतोच असं नाही. सीनियर्सनी हे लक्षात घ्यावं.

१९१२ च्या अखेरीस बी.ए.ची परीक्षा झाली आणि जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण रुजू होऊन थोडेच दिवस होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. रात्री दोनला उठवणारा माणूस गेला. घरात बायको रमाबाई, मोठा परिवार आणि कमावता हात हवा, अशी परिस्थिती. अशा वेळी कुणीही म्हटलं असतं की शिक्षण पुरे, आता नोकरी बघ.

करारावरची सही

त्याच सुमारास बडोदा सरकार काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार असल्याचं कळलं. भीमरावांनी मुंबईत महाराजांची भेट घेतली. काय शिकणार, शिकून काय करणार, हे महाराजांनी विचारलं. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकायची आणि आपल्या समाजासाठी ती वापरायची, असा त्यांच्या उत्तराचा मतितार्थ होता. थोडक्यात, आजच्या भाषेत ज्याला आपण स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतो आणि इंटरनेटवरून कॉपी मारतो, ते त्यांच्याकडे तोंडपाठ होतं, कारण ते खरं होतं.

जून १९१३ मध्ये बडोद्यात करार झाला. अटी स्पष्ट होत्या. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ठरवलेल्या विषयांचाच अभ्यास. आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा सरकारची नोकरी. म्हणजे ही निव्वळ बक्षिसी नव्हती, तो बाँड होता. आपण फॉर्मच्या शेवटी 'मला सर्व अटी मान्य आहेत' या चौकोनात न वाचता टिक मारतो. त्यांनी वाचून सही केली. आणि दहा वर्षांच्या त्या एका कलमानं पुढे काय काय केलं ते बघा.

त्या वेळी एका पौंडाला १५ रुपये असा दर होता. म्हणजे साडेअकरा पौंड म्हणजे सुमारे १७२ रुपये. मुंबईत ही रक्कम मोठी होती. न्यूयॉर्कमध्ये नव्हती. त्यातूनच राहणं, जेवण, पुस्तकं आणि घरी रमाबाईंना पाठवायचे पैसे.

न्यूयॉर्क

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. आयुष्यात पहिल्यांदा शिवाशिवीशिवाय टेबलावर बसून जेवता येत होतं, कुठेही फिरता येत होतं. सुरुवातीचे काही दिवस ते नवलाईतच गेले. होस्टेलवरचं पहिलं सेमिस्टर आपलं कसं जातं ते आठवा! पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की तीन वर्षं म्हणजे फक्त छत्तीस हप्ते. त्यानंतर असा अभ्यास सुरू झाला की विचारू नका. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, जे मिळेल ते. प्रोफेसर सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू मिळाले. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी मित्र मिळाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध सेमिनारमध्ये वाचून झाला. त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही दिला. पण गंमत पाहा, पीएच.डी.ची पदवी हातात पडायला १९२७ साल उजाडलं. कारण विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत, आणि छपाईला पैसे लागतात. तो प्रबंध १९२५ मध्ये लंडनला पुस्तकरूपानं छापला गेला, तेव्हा कुठे पदवीचा मार्ग मोकळा झाला. प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाइंडिंगच्या खर्चावर कुरकुर करणाऱ्यांनी (मीही त्यात आलो) याची नोंद घ्यावी.

जेवणात काटकसर करून त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती. स्टायपेंड आला की आपलं पहिलं पाऊल कुठे पडतं, हा प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःला विचारावा.

मुदत संपली

१९१६ च्या जूनमध्ये तीन वर्षं भरली. त्यांनी महाराजांकडे मुदतवाढ मागितली. ती मिळाली आणि ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश. अभ्यास रंगात आला असतानाच १९१७ मध्ये बडोद्याहून बोलावणं आलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत या आणि करारातली नोकरी सुरू करा.

इथे त्यांनी जे केलं ते आपल्यासारख्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. चिडून किंवा निराश होऊन ते नुसते निघून आले नाहीत. लंडन विद्यापीठाकडून रीतसर परवानगी घेतली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. शिक्षण तुटलं, पण जागा कागदावर राखून ठेवली. माझ्या रूममेटला मी हेच सांगितलं की ड्रॉप घेणं आणि अर्ज करून थांबणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

परतीच्या वेळी पहिलं महायुद्ध चालू होतं. स्वतः ते एका बोटीनं आले आणि सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलं. ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. पुस्तकं गेली. सामानाची नुकसानभरपाई म्हणून सुमारे ६०० रुपये मिळाले. बडोद्याला जाऊन रुजू व्हायलाही खिशात पैसे नव्हते, ते या भरपाईतून आले. कोलंबियाचा एम.ए., प्रबंध दिलेला माणूस, आणि नोकरीवर जायचं भाडं बुडालेल्या पुस्तकांच्या पैशातून!

अकरा दिवस

सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला पोहोचले. राहायला जागा नाही. कुठलंही हॉटेल अस्पृश्याला घेईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. दिवसभर कचेरीत काम करायचं आणि रात्री त्या रिकाम्या, अंधाऱ्या जागेत एकट्यानं वाचत बसायचं. कचेरीतली वागणूकही वेगळी नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात आले. जात कळली होती. त्याच दिवशी जागा सोडावी लागली. शहरातल्या दोन परिचितांकडे विचारलं, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन. दोघांनीही वेगवेगळी कारणं सांगून टाळलं. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

शिष्यवृत्ती देणारे महाराज मोठ्या मनाचे होते. पण महाराजांची सही शहरातल्या एका खोलीचं दार उघडू शकली नाही. पैशाची मदत म्हणजे सगळी मदत नव्हे, हे या अकरा दिवसांत दिसतं. फी माफ झाली म्हणून मुलगा शिकतोच असं नाही. त्याला रूम हवी, मेस हवी आणि त्याच्याशी नीट बोलणारी चार माणसं हवीत. आपल्या कॉरिडॉरमध्ये कोण एकटा जेवतो, ते एकदा बघून या.

स्वतःचे पैसे, मित्राचे पैसे

मुंबईत परत आल्यावर शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचं काम करून पाहिलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार ४५० रुपये. कुटुंब परळच्या चाळीतच राहिलं. पगार वाढला म्हणून राहणी वाढवली नाही, कारण डोक्यात लंडनची मुदत टिकटिक करत होती. रमाबाईंनी ठरावीक पैशात घर चालवलं आणि उरलेला पैसा शिल्लक पडत गेला. या काळाचं श्रेय द्यायचं तर रमाबाईंना आधी द्यावं लागेल. पाच मुलांपैकी फक्त यशवंत जगले, चार लहानपणीच गेली. त्या दुःखात आणि त्या टंचाईत या बाईनं नवऱ्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. कुठल्याही शिष्यवृत्तीच्या कागदावर तिचं नाव नाही.

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. स्वतःची बचत होती. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. आणि तो न्यूयॉर्कचा मित्र, नवल भथेना, त्यानं ५,००० रुपये कर्जाऊ दिले. चार वर्षांची मुदत संपायच्या आत, सप्टेंबर १९२० मध्ये, ते परत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हजर झाले.

या वेळी शिष्यवृत्ती नव्हती, त्यामुळे एकेक पेनी मोजून खर्च. सकाळी मालकीणबाई देईल तो पावाचा तुकडा खायचा आणि चालत ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जायचं. दार उघडताना आत जाणाऱ्यांत पहिले आणि बंद होताना बाहेर पडणाऱ्यांत शेवटचे. दुपारचं जेवण बहुतेक नाहीच. रात्री भूक लागली की ओळखीच्या एकानं दिलेले पापड भाजून खायचे आणि परत वाचायला बसायचं.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली. डी.एस्सी.साठी त्यांनी विषय घेतला होता रुपयाचा प्रश्न. योगायोग असा की हा अभ्यास चालू असताना रुपयाच्या किमतीनं चांगलाच झोका घेतला. १९२० मध्ये एका रुपयाला दोन शिलिंगांपेक्षाही जास्त मिळत होते, आणि १९२१ मध्ये तोच रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला होता. भारतातून येणाऱ्या पैशावर लंडनमध्ये जगणाऱ्या विद्यार्थ्याला विनिमयाचा दर काय असतो, ते पुस्तकातून शिकावं लागत नाही.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध दिला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा द्यायला सांगितलं. आपली व्हायव्हा पुढे ढकलली तर आपण रूमवर येऊन डिपार्टमेंटच्या नावानं खडे फोडतो. त्यांच्याकडे तिथे थांबून सुधारायला पैसेच उरले नव्हते. ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला आणि पाठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो स्वीकारला गेला आणि पुस्तक म्हणूनही प्रसिद्ध झाला. ते पुस्तक त्यांनी आईवडिलांना अर्पण केलं.

वकिली सुरू करायची तर सनद हवी, आणि सनदेची फी भरायलाही पैसे नव्हते. ते पुन्हा नवल भथेनांनीच दिले.

कराराचं काय झालं?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. दहा वर्षांच्या नोकरीची अट होती आणि नोकरी अकरा दिवसांत सुटली. शिष्यवृत्तीवर झालेल्या खर्चाची मागणी बडोदा सरकारच्या खात्याकडून पुढे झाली. त्यावर पत्रव्यवहार झाला. अखेर ती मागणी सोडून दिली गेली. अट पाळायला ते गेले होते, अट पाळू दिली गेली नाही, हे खरंच आहे. तरीही कागद हा कागद असतो, तो वर्षानुवर्षं मागे येतो. म्हणून मित्रांनो, आपण घेतो ती रक्कम अनुदान आहे, कर्ज आहे की बाँड आहे, हे सही करण्याआधी समजून घ्या. शैक्षणिक कर्ज घेतलंत तर व्याज कधीपासून चालू होतं ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि दुसरी बाजूही बघा. १९२५ मध्ये कोलंबियाचा प्रबंध छापला गेला, तेव्हा तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आणि शिक्षणाला केलेल्या मदतीची कृतज्ञता त्यात नोंदवली. बडोद्याच्या त्या बागेतली रात्र ते विसरले नव्हते, पण साडेअकरा पौंडही विसरले नव्हते. एका संस्थानाकडून आलेला अपमान आणि त्याच संस्थानाच्या राजाकडून आलेली मदत, दोन्ही त्यांनी वेगवेगळ्या खात्यांत लिहून ठेवली. एकामुळे दुसरी खोडली नाही.

खिडकीच्या पलीकडे

आता हिशेबाची जमेची बाजू. १९२५ मध्ये त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. अकरा दिवसांचा अनुभव असलेल्या माणसाला वसतिगृहाची किंमत सांगावी लागत नव्हती.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपल्या शाखांच्या दृष्टीनं सांगायचं तर पाटबंधारे आणि वीज हे विषय याच खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची सुरुवातीची चर्चा आणि १९४५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग, ज्याचा आज केंद्रीय जल आयोग झालाय, हे त्यांच्याच कारकिर्दीतलं काम. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

पण मंत्री झाल्यावर चार महिन्यांच्या आत, २९ ऑक्टोबर १९४२ ला, त्यांनी व्हाइसरॉयला एक निवेदन दिलं. त्यात अनुसूचित जातींच्या शिक्षणाचा भाग आहे. त्यांची मांडणी अशी की नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी फारसं भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रशास्त्राचं उच्च शिक्षण हवं, पण ते महाग आहे आणि या मुलांच्या घरच्यांना ते झेपणारं नाही, म्हणून सरकारनं पैसा द्यावा. त्यांनी आकडेही मांडले. देशात विज्ञान-तंत्र शिकणाऱ्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी एक लाख. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला हा माणूस दुसऱ्यांसाठी मागत होता ते इंजिनिअरिंगचं शिक्षण!

तीन लाखांची तरतूद मंजूर झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. काही विद्यार्थी परदेशीही गेले. स्वातंत्र्यानंतर ही योजना अनुसूचित जमातींना आणि मग इतर मागासवर्गीयांनाही लागू झाली. आपण पोर्टलवर ज्या 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती'चा पर्याय निवडतो, तिचं मूळ इथे आहे. पंचवीस रुपयांसाठी ज्यानं महाराजांना भेटायला जावं लागण्याचा काळ पाहिला, त्यानं अशी सोय केली की पुढच्या मुलाला कुणा महाराजांना भेटावं लागू नये. राजाच्या मर्जीची गोष्ट नियमाची झाली. फॉर्म भरायचा, निकषात बसलात तर मिळणार. कंटाळवाणी वाटते ना ती कागदपत्रांची यादी? पण त्या यादीमुळेच ती मदत दया राहिली नाही, हक्क झाली.

त्यानंतर १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी सुरू केलेलं कॉलेज. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही शिकता येई. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठानं त्यांना मानद पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

शेवटी

हे सगळं मी रूममेटला एका बैठकीत सांगितलं नाही. मेसच्या वाटेवर, कपडे वाळत घालताना, असं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्याला सगळ्यात जास्त पटली ती दागिना गहाण टाकायची गोष्ट. तो म्हणाला की आमच्याही घरी ॲडमिशनच्या वेळी आईची पोत गेलीय. मग म्हटलं, ती मदत घेताना लाज वाटली नाही, मग सरकारची घेताना का वाटावी? ती पोत सोडवायची असेल तर हाच एक सरळ रस्ता आहे.

तो दुसऱ्या दिवशी परत लाईनीत उभा राहिला. या वेळी मी त्याच्याबरोबर होतो. माझा स्वतःचा फॉर्म त्याआधीच्या वर्षी बँक खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून अडकला होता, त्यामुळे मला आता सगळ्या खाचाखोचा पाठ झाल्यात. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तो सुट्टीत गावी गेल्यावरच काढून ठेवा. नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का ते आधीच बघा. अर्ज सबमिट केल्यावर प्रिंट घ्या आणि स्टेटस दर आठवड्याला तपासा, परत पाठवलेला अर्ज दुरुस्त करायलाही मुदत असते. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी पोर्टलही होस्टेलच्या वायफायसारखंच वागतं. रिन्युअल दरवर्षी करावं लागतं. आणि काही अडलं तर विचारा.

तो या वर्षी तिसऱ्या वर्षाला आहे. पलीकडच्या विंगमधली दोन फर्स्ट इयरची मुलं परवा आमच्या रूमवर फॉर्मचं विचारायला आली होती. मी काही बोलायच्या आत त्यानंच त्यांना बसवून घेतलं, कपाटातून आपली फाईल काढली आणि एकेक कागद समजावून सांगायला लागला.

– एक होस्टेलाईट, तृतीय वर्ष (स्थापत्य)